लेथची शिअर पिन : ती कां तुटते व कशी बदलावी

शेतकीच्या मासिकांत लोखंड कांतण्याच्या यंत्राविषयीं लेख कां, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, आपल्या शेतावरील बहुतेक यंत्रें केव्हां ना केव्हां लेथच्या दारीं जातात. पंपाचा दांडा झिजला, मळणीयंत्राची पुली हलूं लागली, रोटाव्हेटरचा दांडा वांकला, कीं तें काम घेऊन आपण तालुक्याच्या गांवीं, नाहीं तर पुण्याच्या पेठेंतील लेथवाल्याकडे जातों. त्या लेथमध्यें एक लहानशी पिन असते. आणि तिचीच बहीण, बोल्टच्या रूपानें, आपल्या रोटाव्हेटरच्या दांड्यांत असते. तिचें काम काय, ती तुटली असतां काय करावें व काय करूं नये, हें ज्यास एका ठिकाणीं नीट समजलें त्यास दुसऱ्या ठिकाणीं निराळें सांगावें लागत नाहीं. हें न समजल्यामुळें होणारें नुकसान आम्हीं स्वतः सोसलें आहे. यास्तव हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या हातून झालेली चूक

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला होता. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट एकाच सकाळीं दोनदां तुटला. जवळ तसा तिसरा बोल्ट नव्हता. हत्यारांच्या पेटींत त्याच जाडीचा, परंतु पुष्कळ कठीण पोलादाचा एक बोल्ट सांपडला. “हा आतां तुटावयाचा नाहीं,” असें म्हणून आम्हीं तो बसविला, आणि तो खरोखरच तुटला नाहीं. अर्ध्या तासानें पातीं बांधालगतच्या दगडांत अडकलीं; बोल्ट होता तसाच राहिला आणि गिअरबॉक्समधील दांते गेले, दांडाही पिळला. खोलून पाहतां रोटरला कुंपणाच्या तारेचा मोठा गुंडा बसलेला दिसला. सकाळीं बोल्ट दोनदां तुटला तो याच तारेमुळें. बोल्ट आम्हांस दोन वेळां सूचना देत होता. आम्हीं तिसऱ्या वेळीं त्याचें तोंड बंद केलें. दुरुस्तीस आठ दिवस लागले, तोंवर वाफसा गेला, आणि पेरणी पुढच्या पावसावर ढकलावी लागली.

तो पिळलेला दांडा घेऊन आम्ही पुण्यास गेलों. शहराच्या पूर्वेकडील पेठेंतील एका लहानशा कारखान्यांत आमचें काम लेथवर चढलें होतें. कांतणाऱ्या कारागिराचें लक्ष क्षणभर ढळलें. हत्यार धरणारा सरकता भाग पुढें जाऊन फिरत्या चकाच्या अगदीं जवळ अडला. ‘टक्’ असा आवाज झाला, आणि तो भाग जागच्या जागीं थांबला. चक मात्र फिरतच होता. कारागिरानें यंत्र बंद केलें, कारण शोधलें, डब्यांतून एक पिन काढून बसविली, आणि अर्ध्या तासाच्या आंत काम पुन्हां सुरू झालें. आम्हीं विचारलें, “मिस्त्री, त्यापेक्षां पक्की पिन कां घालीत नाहीं?” तो म्हणाला, “अहो पाटील, पिन माझ्या डब्यांत आहे. गिअर माझ्या डब्यांत नाहीं.” आमच्या आठ दिवसांच्या नुकसानीचें कारण या एका वाक्यांत आलें होतें.

लेथ आणि नांगर यांचें नातें

पुण्यास यंत्रविद्येचें शिक्षण जुनें आहे. १८५४ सालीं येथें ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालें. त्याचेंच पुढें इंजिनिअरिंग कॉलेज झालें आणि आज तें तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. महाराष्ट्रांतील लोखंडी नांगराचा इतिहासही कारखान्यांतील यंत्रांपासून निराळा काढतां येत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. त्याच घराण्याच्या उद्योगांपैकीं म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ सालीं हरिहर येथें निघून लेथ करूं लागली, व १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें तेलाचीं इंजिनें करणारी कंपनी निघाली. म्हणजे नांगर, इंजिन आणि लेथ हीं तिन्ही एकाच घरांत वाढलेलीं भावंडें होत. एकाच्या पोटांतील युक्ति दुसऱ्यांत आढळावी यांत नवल नाहीं.

पिन कोठें असते

लेथची रचना थोडक्यांत अशी. कांतावयाचा तुकडा ‘चक’ या पकडींत घट्ट बसवून फिरवितात. कापणारें हत्यार एका सरकत्या भागावर बसविलेलें असतें. त्यास ‘कॅरेज’ म्हणतात. कॅरेज हातचाकानें सरकवितां येतें, तसेंच यंत्राच्या बळानेंही सरकतें. यंत्राच्या बळानें सरकविण्यासाठीं लेथच्या पुढच्या अंगास एक लांब आट्यांचा दांडा असतो. त्यास ‘लीड स्क्रू’ म्हणतात. चकाच्या फिरण्याशीं हा दांडा गिअरांनीं जोडलेला असल्यामुळें चकाच्या एका फेऱ्यास कॅरेज किती सरकावें हें ठरवितां येतें, व त्यामुळेंच आटे बिनचूक पाडतां येतात. इंग्लंडांत हेन्री मॉडस्ली यानें १८०० च्या सुमारास ही रचना चांगल्या रीतीनें सिद्धीस नेली. कॅरेजच्या पोटांत दोन फांकांचा एक नट असतो. मूठ दाबली कीं त्या फांका लीड स्क्रूवर मिटतात व कॅरेज चालूं लागतें. मूठ उचलली कीं फांका उघडतात व कॅरेज थांबतें.

आतां कल्पना करावी कीं मूठ दाबलेली आहे आणि कॅरेज पुढें कशास तरी अडलें. चक थांबत नाहीं, गिअर थांबत नाहींत, लीड स्क्रू फिरूं पाहतो आणि कॅरेज हलूं शकत नाहीं. हें सर्व बळ कोठें तरी बाहेर पडलेंच पाहिजे. वाटेंत जें सर्वांत दुबळें असेल तें तुटणार. तें दुबळें ठिकाण कोणतें असावें हें दैवावर न सोडतां यंत्र करणाऱ्यानें स्वतः ठरवून ठेविलें आहे. अनेक लेथमध्यें गिअरबॉक्समधून निघणारा आंखूड दांडा व लीड स्क्रू यांवर एक पोकळ नळी चढविलेली असते, आणि नळी व दांडा यांच्या आरपार एक पिन घातलेली असते. सर्व बळ या पिनेंतून जातें. बळ मर्यादेबाहेर गेलें कीं पिन कातरीनें कापल्यासारखी कापली जाते, लीड स्क्रू सुटा होतो, आणि गिअर, नट व स्क्रू हीं महागाचीं अंगें वांचतात. हीच शिअर पिन.

ज्यांच्या विहिरीवर विजेचा पंप आहे त्यांस ही गोष्ट फ्यूजच्या तारेवरून चटकन ध्यानांत येईल. फ्यूजची तार जळते ती मोटर जळूं नये म्हणून. तिच्या जागीं तांब्याची जाड तार घालणारा मनुष्य तारेचे चार पैसे वांचवितो आणि मोटरचें वेटोळें जाळून घेतो. ट्रॅक्टरमागून ओढावयाच्या जुन्या नांगरांच्या जोडणींत याच हेतूनें लाकडाची खुंटी घालीत असत. फाळ खडकांत अडकला कीं खुंटी मोडे, आणि नांगर मागें राहून वांचे.

एवढें मात्र लक्षांत ठेवावें कीं लेथवरील प्रत्येक पिन शिअर पिन नसते. कांहीं पिना केवळ भाग जागेवर धरण्यासाठीं असतात, आणि कांहीं लेथना पिनेऐवजीं घसरणारा क्लच असतो. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका पाहून मगच हात घालावा.

थोडा हिशेब

पिन किती बळ सोसते हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें : तिची जाडी आणि तिची धातु. जाडीचा परिणाम सरळ नसून वर्गाच्या प्रमाणांत असतो. ५ मिलिमीटर जाडीची मऊ पोलादाची पिन एका ठिकाणीं कापण्यास सुमारें ४८० किलोंचें बळ लागतें. नळीच्या दोन्ही अंगांस ती कापली जात असल्यामुळें एकंदर सुमारें ९६० किलो. तिच्या जागीं ६ मिलिमीटरची पिन घातली तर जाडी दिसावयास एकाच मिलिमीटरनें वाढली, परंतु बळ जवळजवळ दीडपट झालें. जाडी तीच ठेवून ८.८ या प्रतीचें पोलाद घातलें तर बळ दुप्पट झालें. जाडी ६ मिलिमीटर आणि पोलादही ८.८ प्रतीचें, असें दोन्ही केलें तर बळ जवळजवळ तिप्पट होतें. तिप्पट बळाची पिन तुटण्यापूर्वीं गिअरचा दांता तुटणार, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आंकडे उठविलेले असतात. त्यांतील पहिल्या आंकड्यावरून पोलादाचें ताणबळ कळतें. ४ पेक्षां ८ दुप्पट, आणि १० अडीचपट. बोल्ट विकत घेतांना जाडी व लांबी यांबरोबर हा आंकडाही मागून घ्यावा.

पिन बदलण्याची रीत

पहिली गोष्ट, वीज. नुसतें बटण दाबून थांबूं नये. मुख्य स्विच बंद करावा, आणि शेजारीं दुसरा मनुष्य असेल त्यास तसें सांगून ठेवावें. चक पूर्ण थांबल्यावांचून हात पुढें करूं नये.

दुसरी, कारण. नवी पिन शोधण्यापूर्वीं जुनी कां तुटली हें शोधावें. नटाची मूठ उचलून कॅरेज हातचाकानें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवून पाहावें. कॅरेज जागेवर आंवळून ठेवण्याचा स्क्रू ढिला करावयाचा राहिला आहे काय? घसरपट्टीवर तेल आहे काय? गिअरांत किंवा स्क्रूच्या आट्यांत लोखंडाचा कीस अडकला आहे काय? कॅरेज चकास किंवा मागच्या टेकूस भिडलें काय? यांपैकीं कारण सांपडेपर्यंत पुढें जाऊं नये. कांहींच अडकलेलें नसेल व पिन पुष्कळ दिवसांची असेल, तर ती वारंवार बसणाऱ्या लहान धक्क्यांनीं थकून तुटली असणें शक्य आहे. अशा पिनेच्या तुटल्या तोंडावर कांहीं भाग घांसून गुळगुळीत झालेला दिसतो.

तिसरी, तुकडे काढणें. पिन दोन ठिकाणीं कापली गेल्यामुळें तिचे तीन तुकडे होतात : एक दांड्याच्या आंत आणि दोन नळींत. नळी फिरलेली असल्यास तुकडे एका रेषेंत नसतात. अशा वेळीं ठोकाठोक केल्यास तुकडा न निघतां आंतल्या कडेवर दाबून बसतो. लीड स्क्रू हातानें हळूहळू फिरवून भोंकें समोरासमोर आणावीं. भोंक बरोबर मध्यावर नसल्यास दोन बाजू सारख्या बसत नाहींत, म्हणून अर्धा फेरा देऊन दोन्ही रीतींनीं पाहावें, आणि जेथें बरोबर जुळतें तेथें दांड्यावर व नळीवर खूण करून ठेवावी. नंतर भोंकापेक्षां किंचित् बारीक असा सरळ पंच घेऊन हलक्या हातोडीनें तुकडे बाहेर ठोकावे. पिन एका टोंकास निमुळती असेल तर ठोका बारीक टोंकाकडून द्यावा. उलट ठोकल्यास ती अधिकच घट्ट होते. ठोकतांना दांड्याच्या खालीं लाकडाचा जाड ठोकळा पक्का टेकवावा, नाहीं तर हातोडीचा मार लीड स्क्रूवर जाऊन तो वांकतो.

तुकडा निघत नाहीं म्हणून ड्रिल घालण्याची घाई करूं नये. ड्रिल वांकडें गेलें कीं भोंक मोठें होतें. भोंक मोठें झालें कीं पिन जाड घालावी लागते. आणि पिन जाड झाली कीं वरील हिशेबाप्रमाणें तिचा उपयोग संपतो.

चौथी, साफसफाई. कापलेल्या पिनेनें दांड्यावर व नळींत धारदार कड उभी राहते. नळी सरकवून ती कड बारीक कानशीनें काढावी, गंज असल्यास पुसावा, आणि दांड्यास तेलाचा पातळ हात द्यावा. हें काम पुष्कळजण सोडून देतात, परंतु तें महत्त्वाचें आहे. नळी गंजून दांड्यास चिकटली तर पिन तुटली तरी दांडा फिरतच राहतो, आणि पिन असून नसल्यासारखी होते.

पांचवी, नवी पिन. यंत्रकर्त्याची पिन मिळत असेल तर तीच घालावी. न मिळाल्यास पुस्तिकेंत सांगितलेल्या धातूची, मग ती पितळ असो वा मऊ पोलाद असो, कांतून करावी. मौज अशी कीं, ही पिन त्याच लेथवर कांततां येते. कारण लीड स्क्रू सुटला तरी चक फिरतो आणि हत्यार हातानें पुढें घेतां येतें. जुन्या पिनेस कापण्याच्या जागीं बारीक गळा कांतलेला असेल तर नवीसही तितक्याच जाडीचा गळा, त्याच जागीं, ठेवावा. माप मोजपट्टीनें न घेतां व्हर्निअर किंवा मायक्रोमीटरनें घ्यावें. पुस्तिका नसल्यास जुन्या तुकड्यावर कानस चालवून पाहावी. कानस सहज धरली तर धातु मऊ आहे.

पिनेच्या जागीं तुटक्या ड्रिलचा दांडा कधींही घालूं नये; तो पाणी दिलेल्या पोलादाचा असतो. साधा तारेचा खिळाही नको; तो थंड ओढलेल्या तारेचा असल्यामुळें दिसतो त्याहून कठीण असतो. आणि वेल्डिंगचा टांका तर मुळींच नको.

सहावी, बसविणें. पिन हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीं बसेल इतकी घट्ट असावी. ढिली पिन यंत्र सुरू होतांना व थांबतांना प्रत्येक वेळीं आंतल्या आंत आपटते आणि लौकर तुटते. मग मनुष्य तिला दोष देऊन कठीण पिन घालतो. टोंकें नळीच्या बाहेर आलेलीं नसावीं. फिरत्या दांड्यावरील बाहेर आलेलें टोंक कपडा ओढून घेतें.

सातवी, परीक्षा. वीज देण्यापूर्वीं सर्व हातानें फिरवून पाहावें. नंतर अगदीं मंद गतीनें, कांहीं न कापतां, कॅरेज दोन वीत चालवावें. मग हलका काप घ्यावा. सर्व ठीक असल्यास नेहमींचें काम सुरू करावें.

हीच रीत रोटाव्हेटरला

आतां आपल्या शेताकडे वळूं. ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा, ज्यास पीटीओ म्हणतात, मिनिटास ५४० फेरे फिरतो. ४५ अश्वशक्तीचें सर्व बळ त्यांतून जात असेल, तर त्याचा पीळ एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोंकास सुमारें ६० किलोंचें वजन टांगण्याइतका होतो. शिअर बोल्ट मध्यापासून ६ सेंटिमीटरांवर आहे असें धरल्यास त्या एका बोल्टवर सुमारें १००० किलोंचें बळ येतें. हें नेहमींच्या पूर्ण भारांतलें झालें. दगड अडकला म्हणजे तें क्षणार्धांत कित्येक पट होतें.

अशा ठिकाणीं ८ मिलिमीटरचा, ८.८ प्रतीचा बोल्ट सुमारें २४५० किलोंवर कापला जाईल. म्हणजे रोजच्या कामास टिकेल आणि दगड अडकला असतां तुटेल. त्याच जाडीचा ४.६ प्रतीचा बोल्ट याच्या निम्म्यावर, सुमारें १२२५ किलोंवर कापला जातो. जरा ढेकूळ आलें कीं तो तुटेल आणि दिवसभर बोल्टच बदलीत बसावें लागेल. उलट १२.९ प्रतीचा बोल्ट सुमारें ३७०० किलोंपर्यंत दम धरील, आणि तोंवर गिअरबॉक्सची शुद्धि राहणार नाहीं. यावरून वाचकांनीं ध्यानांत घ्यावें कीं ‘मऊ तो चांगला’ किंवा ‘कठीण तो चांगला’ असा नियम नाहीं. यंत्र करणाऱ्यानें ज्या भारासाठीं जो बोल्ट ठरविला, तोच चांगला. वरील आंकडे समजुतीपुरते आहेत. आपल्या यंत्राचा बोल्ट कोणता, हें पुस्तिकेवरून किंवा विक्रेत्याकडून लिहून घ्यावें.

आणखी एक बारकावा. बोल्टचा कांहीं भाग सपाट व कांहीं भाग आट्यांचा असतो. दोन तबकड्या जेथें एकमेकींस टेकतात तेथें बोल्टचा सपाट भाग आला पाहिजे. तेथें आटे आले तर बोल्टचें बळ चौथ्या हिश्शाहून अधिक कमी होतें. ८ मिलिमीटरच्या त्याच बोल्टचें २४५० वरून सुमारें १८०० वर येतें. “बोल्ट बरोबर प्रतीचा, तरी सारखा तुटतो,” अशी तक्रार करणाऱ्यांनीं प्रथम हें पाहावें. सबंध लांबीस आटे पाडलेला बोल्ट, पुस्तिकेंत तसा सांगितला नसल्यास, घेऊं नये.

लेथच्या नळीप्रमाणें येथेंही दोन तबकड्या एकमेकींवर मोकळ्या फिरावयास पाहिजेत. हंगाम संपल्यावर रोटाव्हेटर पावसांत उभा राहतो, तबकड्या गंजून एक होतात, आणि पुढच्या वर्षीं बोल्ट तुटला तरी गिअरबॉक्सवरील ताण सुटत नाहीं. यासाठीं वर्षांतून एकदां बोल्ट काढून तबकड्या हातानें फिरवून पाहाव्या व ग्रीस भरावें. यास पाव तास पुरतो.

बोल्ट बदलण्यापूर्वीं पीटीओ सोडवावा, ट्रॅक्टरचें इंजिन बंद करावें, किल्ली काढून खिशांत ठेवावी, आणि रोटाव्हेटर जमिनीवर टेकवावा. नुसता क्लच दाबून दुसऱ्यास खालीं बसविणें हा जिवाशीं खेळ होय. धोतराचा सोगा, उपरण्याचा पदर किंवा सैल बाही दांड्याजवळ नसावी. दांड्यावरील प्लास्टिकचें आवरण तुटलें असल्यास तें आधीं बदलावें. बोल्ट तुटला तर बाजारांत दुसरा मिळतो. हात मिळत नाहीं.

हंगामापूर्वींची तयारी

कठीण बोल्ट घालण्याचा मोह होतो तो बहुधा अज्ञानानें नव्हे, तर अडचणीनें. वाफसा निघून चाललेला असतो, मजूर बसून असतात, भाड्याच्या ट्रॅक्टरचा तास चालू असतो, आणि बरोबर बोल्ट जवळ नसतो. त्या घटकेस मनुष्य हाताला लागेल तें घालतो. आम्हींही तेंच केलें. यावर उपाय शहाणपण नव्हे, डबा होय. रोहिणीच्या आधीं दहा शिअर बोल्ट, तितकेच नट व वॉशर आणून एका पत्र्याच्या डब्यांत घालावे, डब्यावर रंगानें जाडी, लांबी व प्रत लिहावी, आणि तो डबा घरीं न ठेवतां ट्रॅक्टरवरच बांधावा. त्याच डब्यांत एक पंच, एक लहान हातोडी व योग्य मापाचे दोन पाने असावे. यंत्राच्या विक्रेत्याकडे बोल्ट न मिळाल्यास पुण्यांत रविवार पेठेंतील बोहरी आळीसारख्या लोखंडी सामानाच्या बाजारांत चौकशी करावी. मात्र जातांना जुन्या बोल्टचा तुकडा व पुस्तिकेंतील आंकडा बरोबर न्यावा, आणि “जरा पक्का द्या” असें दुकानदारास सांगूं नये.

डब्याच्या झांकणाच्या आंत एक कागद चिकटवून बोल्ट कोणत्या दिवशीं, कोणत्या शेतांत व कशामुळें तुटला हें टिपून ठेवावें. एकाच शेतांत तो वारंवार तुटत असेल तर तेथें दगड वेंचावयाचे राहिले आहेत. सर्वच शेतांत तुटत असेल तर यंत्रांत दोष आहे, किंवा कामाची खोली व वेग वाजवीपेक्षां अधिक आहे. एकाच दिवशीं दोनदां तुटला तर तिसरा बोल्ट घालण्यापूर्वीं ट्रॅक्टर बंद करून रोटरखालीं वाकून पाहावें.

पुण्याच्या त्या कारागिरानें तुटलेल्या पिनेचे तीन तुकडे फेंकून न देतां एका वाटींत टाकले. वाटी अशा तुकड्यांनीं अर्धी भरलेली होती. आम्हांस वाटलें, केवढें हें नुकसान! तो म्हणाला, इतक्या वेळां गिअर वांचले. त्याच्या लेथचे गिअर अजून मूळचेच आहेत. आमच्या रोटाव्हेटरला मात्र एक बोल्ट वांचविल्यामुळें नवे दांते बसवावे लागले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या रोटाव्हेटरांत आज जाड किंवा कठीण बोल्ट बसलेला असेल, त्यांनीं पुढचा वाफसा येण्याची वाट न पाहतां तो काढून त्या जागीं नेमलेला बोल्ट घालावा, एवढीच आमची विनंति आहे.